दोन किलो अश्वगंधा

मी जीएसटीची कामं करतो, म्हणजे डिसेंबरात लोकांची वार्षिक रिटर्नं भरायची मरमर, त्यात एकदा जेवताना चुकून बोलून गेलो की हल्ली झोप लागत नाही. झालं! आईनं लगेच नीमचच्या काकांना फोन लावला. नीमचच्या मंडीत अश्वगंधेचे ढीग लागतात, त्यामुळे तिथल्या माणसाला कुठलाही आजार सांगा, औषध एकच.

चौथ्या दिवशी काका इंदूरला हजर, सोबत दोन किलो मुळ्या. पावडर नाही हं, अख्ख्या मुळ्या. "दुकानातल्या पावडरीत काय कालवलेलं असतं देवाला ठाऊक, तू घरी दळ."

दळल्या. मिक्सरचं झाकण जरा लवकर उघडलं आणि सगळं स्वयंपाकघर भुरकट झालं, मी शिंकतोय, बायको माझ्याकडे बघतेय. आणि वास! नावात अश्व का आहे ते तेव्हा समजलं. घोड्याच्या इतक्या जवळ मी याआधी फक्त स्वतःच्या वरातीत गेलो होतो, टेन्शन तेव्हाही होतंच. त्यानंतर आठवडाभर खोबऱ्याच्या चटणीला तबेल्याचा वास येत होता पण बोलायची सोय नव्हती. आईची थायरॉईडची गोळी चालू असल्यामुळे डॉक्टरांनी तिला अश्वगंधा घ्यायला साफ नाही म्हटलं, त्यामुळे तिच्या वाट्याची पण मीच संपवायची असं परस्पर ठरलं.

इथपर्यंत ठीक होतं हो. पण चूर्ण घ्यायचं रात्री, कोमट दुधात, वर चमचाभर तूप, आणि दुधावर आंबट-खारट काही चालत नाही, विरुद्ध आहार होतो. म्हणजे सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं बंद! सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे तवे तापायला लागतात, त्यात गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडींचे दिवस, आणि मी साडेनऊला दूध पिऊन ब्लँकेटमध्ये. ज्या एका गोष्टीनं माझं डोकं शांत व्हायचं तीच काढून घेतली.

झोप कसली येते. एक वाजता पडल्यापडल्या मोबाईलवर वाचत बसलो. अश्वगंधेच्या लॅटिन नावात 'सोम्निफेरा' आहे, म्हणजे झोप आणणारी (वाचून जास्तच जागा झालो). अशा ताण सोसायला मदत करणाऱ्या औषधांना 'अ‍ॅडाप्टोजेन' हा शब्द १९४७ साली लाझारेव नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञानं दिला. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं तेच साल, आणि मला माझ्याच घरात एक प्लेट गराडूचं स्वातंत्र्य नाही.

अकराव्या रात्री दूध मोरीत ओतलं, क्लायंटचा अर्जंट फोन आलाय सांगितलं आणि स्कूटर काढली. राजवाड्यामागे गाडी लावली, गर्दीतून वाट काढत गराडूवाल्यापाशी पोचलो, "भिया, नींबू ज्यादा" म्हणालो आणि शेजारी बघतो तर मफलर, कानटोपी, हातात भुट्ट्याच्या कीसचा द्रोण... काका! सकाळच्या गाडीनं नीमचला जातो म्हणून दहा दिवस आमच्याकडेच मुक्काम ठोकून होते, आणि आज लवकर झोपतो म्हणून खोलीचं दार लावून घेतलं होतं.

दोघंही गप्प. शेवटी मीच म्हटलं, "काका, तुमचं दूध?"

"अरे, आमच्या नीमचला सराफा कुठंय," काकांनी कीसवर आणखी थोडा जीरावन मसाला भुरभुरवला, "म्हणून तर अश्वगंधा घ्यावी लागते. तुझ्या गराडूचे पैसे देऊ का मी?"