मला गाडी लागते

पुण्यातल्या एका खासगी शाळेत नववीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याच्या वर्गाची सहल यंदा सिंगापूरला जाणार आहे आणि पाच दिवसांच्या त्या सहलीतले दोन दिवस सेंटोसा बेटावर, युनिव्हर्सल स्टुडिओच्या पाळण्यांत आणि घसरगाड्यांत जायचे आहेत. गेले दोन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर याखेरीज दुसरा विषय नाही. दादाचे म्हणणे असे की सहल म्हणजे शैक्षणिक सहल, आणि मुलांना झोपाळ्यावर बसवण्यासाठी शाळेने समुद्र ओलांडण्याचे काही कारण नाही. वहिनीचे म्हणणे असे की तिथे मुले गुपचूप रांगेत उभी राहायला शिकली तरी पैसे वसूल झाले. आईला विमानाची भीती नाही, पाण्याची आहे. शेवटी 'तू तिकडे राहतेस, तूच काय ते सांग' असे म्हणून तिघांनी निवाडा माझ्यावर सोपवला.

मी अकरा वर्षांपासून नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहते, आणि योगायोग असा की हा वाद रंगात आला त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर मदतनीस पालक म्हणून मी एफ्टेलिंग या इथल्या मनोरंजन उद्यानात जाऊन आले. निवाडा देण्याची माझी पात्रता एवढीच.

एफ्टेलिंग हे डच लोकांच्या काळजातले ठिकाण आहे. आजीने नातवाला न्यावे, त्या नातवाने पुढे आपल्या मुलांना न्यावे, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. आमच्यापासून बसने तासाभराच्या आत येणारे काट्सह्यूवेल हे त्याचे गाव एकेकाळी जोडे बनवणाऱ्यांच्या पट्ट्यातले. तिथल्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने तरुण पोरांना खेळायला जागा हवी म्हणून १९३५ साली एक साधे क्रीडांगण आणि फिरण्याची बाग सुरू झाली. १९५० मध्ये तिचा न्यास झाला आणि ३१ मे १९५२ रोजी तिथल्या झाडीत परीकथांचे वन उघडले. चित्रकार आन्तोन पीक यांनी त्याची चित्रे काढली आणि पेटर रेइन्डर्स या आइंडहोव्हनच्या हरहुन्नरी माणसाने ती चित्रे हलती-बोलती केली. सुरुवातीला अवघ्या दहा गोष्टी होत्या. आज वर्षाला ५० लाखांहून अधिक माणसे इथे येतात, आणि मालकी अजूनही त्या न्यासाचीच आहे.

पाळण्यांचे मला विशेष कौतुक नाही, पण या वनात मात्र मी मुलांपेक्षा जास्त रेंगाळले. लाल टोपीवाल्या मुलीच्या आजीच्या खिडकीत लांडगा पांघरुणात पहुडलेला असतो, निद्रिस्त राजकन्येची छाती श्वासागणिक खरोखर वर-खाली होते, लाल बूट पायांवाचून नाचतात, आणि वाटेच्या कडेची छत्रीसारखी अळंबी कान लावला तर गाते. १९५८ पासून तिथे एक फकीरही आहे. बासरी वाजवून तो ट्यूलिपची फुले उमलवतो आणि सतरंजीवर बसून एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यावर उडत जातो. "आई, हा आपल्याकडचा का गं?" असे मुलीने विचारले. पुढे १९६६ सालची 'भारतीय कमळे' लागली, ज्यांची गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेली आहे. त्या तळ्यातल्या चेटकिणीला आणि वाद्ये वाजवणाऱ्या बेडकांना भारत कितपत ठाऊक असावा याविषयी मला शंका आहे, पण परक्याच्या गोष्टीत आपण कसे दिसतो हे आठव्या वर्षी कळणे हेही शिक्षणच, असे दादाला लिहून ठेवले.

दादाच्या मुख्य आक्षेपाला माझे उत्तर इथूनच सुरू होते. शैक्षणिक आणि करमणुकीची असे सहलीचे दोन तुकडे करणे मला पटत नाही, कारण आपल्या स्वतःच्या सहलींनीही ते कधी पाळले नाहीत. आम्ही कराडकडचे. आमच्या शाळेची लाल एसटी पहाटे चारला निघायची, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असे करत डेरवणला थांबायची, आणि डेरवणच्या शिवसृष्टीत शिवचरित्रातले प्रसंग पुतळ्यांच्या रूपाने पाहताना आम्ही जे शिकलो ते गणपतीपुळ्याच्या वाळूत विसरूनही गेलो, पण त्या पुतळ्यांसमोर तोंडाचा आ करून उभे राहिलेले मात्र विसरलो नाही. कणेरी मठावरच्या सिद्धगिरी संग्रहालयात बारा बलुतेदारांचे गाव पुतळ्यांतून उभे केले आहे आणि तिथे शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते. हे सगळे आपल्या मातीतले एफ्टेलिंगच आहे. गोष्टीला रूप देऊन मुलाला तिच्यात चालायला लावणे, ही युक्ती काही डच मंडळींच्या बापजाद्यांची मिरास नव्हे. तेव्हा सहलीच्या पत्रकावर 'शैक्षणिक' हा शब्द आहे की नाही यावर भांडून फारसे काही हाती लागत नाही.

आईच्या भीतीबद्दल मात्र इतक्या सहज बोलता येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा मी इथे होते आणि आईने फोनवर दुसरे काही बोलू दिले नव्हते. त्यानंतर नियम वाढले, परवानग्या वाढल्या, संमतीपत्रे लांबली, आणि पुष्कळ मुख्याध्यापकांनी सुटकेचा सोपा मार्ग म्हणून सहल काढणेच कमी केले. एफ्टेलिंगला जाताना माझ्याकडे चार मुले सोपवली होती. प्रत्येकाच्या मनगटावर शाळेचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली कागदी पट्टी, दुपारी बारा वाजता अमुक बाकाजवळ हजेरी, आणि बाकी सगळे माझ्या भरवशावर. मुलांना इतके मोकळे सोडलेले पाहून पहिला तासभर मी कोंबडीसारखी मागे-मागे धावत होते. 'बरोन १८९८' नावाची घसरगाडी माणसांना ३७.५ मीटर उंचीवरून जवळजवळ सरळ खाली सोडते. तिच्या दाराशी उंची मोजायची पट्टी असते आणि १३२ सेंटिमीटरच्या खाली असलेल्याला आत प्रवेश नाही. माझ्या चौघांपैकी एकालाही त्या पट्टीने दाद दिली नाही. मी मनातल्या मनात 'अहो, दोनच बोटांनी कमी आहे' हे वाक्य जुळवत होते, पण मुले पट्टीखालून मागे वळली आणि दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली. नियम कमी, पण जो आहे तो अटळ, आणि तो राबवणारा माणूस दाराशी हजर. आमच्याकडे पत्रकात नियमांची जंत्री असते आणि किनाऱ्यावर पोहायला जाणाऱ्याला अडवणारा कोणी नसतो, एवढा फरक मला दिसला.

तरीही माझे एक मूल हरवलेच. सीरियातून आलेल्या कुटुंबातला, अबोल असा एक मुलगा दहा मिनिटे कुठेच दिसेना. माझ्या पायांतले बळ गेले होते. शेवटी तो सापडला होल्ले बोल्ले खेइससमोर. खेइस म्हणजे बडबडगीतातला एक खादाड लठ्ठू, जो १९५९ पासून एफ्टेलिंगमध्ये कचरापेटीचे काम करतो. तोंड उघडे टाकून 'कागद इकडे' असे तो ओरडत राहतो, कागद जवळ नेला की हवेच्या झोताने ओढून घेतो आणि 'धन्यवाद' म्हणतो. त्या मुलाने आपला कचरा केव्हाच संपवला होता आणि आता तो इतरांच्या बाकांखालचे कागद वेचून आणून त्याला भरवत होता. स्वच्छतेवर इतकी भाषणे ऐकलेल्या माझ्या पिढीला कचरापेटीने कधी धन्यवाद म्हटले नाहीत, ही तक्रार मी नंतर कोणाकडे करावी ते कळले नाही.

पण दादाला मला जे खरे सांगायचे होते ते या मुलावरून सुचले. आमच्या दोन बसगाड्यांत ५२ मुले होती. त्यांच्यापैकी कोणाच्या आईवडिलांनी सहलीची वर्गणी भरली होती आणि कोणाच्या नाही, हे मला माहीत नव्हते, आणि शेजारी बसलेल्या मुलालाही माहीत नव्हते. इथल्या शाळा पालकांकडे वर्षाला ऐच्छिक वर्गणी मागतात, सहली आणि सण त्यातून होतात. 'ऐच्छिक' हा शब्द पूर्वीही होता, पण वर्गणी न भरणाऱ्याचे मूल सहलीच्या दिवशी शाळेतच थांबल्याची उदाहरणे होती. १ ऑगस्ट २०२१ पासून कायद्याने हे बंद केले. वर्गणी भरली नाही म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याला उपक्रमातून वगळता येत नाही, आणि त्याला त्या दिवशी दुसरे काहीतरी स्वस्तातले काम देऊन त्याची बोळवणही करता येत नाही. प्राथमिक शाळांप्रमाणे माध्यमिक शाळांनाही हे लागू आहे.

याची किंमत इथे मोजली जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यांना न्यायचेच असेल आणि निम्म्याच पालकांनी पैसे भरले, तर सहल आखडावी लागते. आमच्याच शाळेत दोन वर्षांपूर्वी एफ्टेलिंगऐवजी जवळच्या शेतावर, बकऱ्या आणि गवताच्या गंज्या दाखवायला नेले होते, आणि तेव्हा काही पालकांनी 'आमच्या मुलांचा काय दोष?' असा सूर लावला होता. मोठ्या वर्गांच्या परदेशी सहलींवरून हीच कुरबुर माध्यमिक शाळांतही ऐकू येते. तो सूर मला ओळखीचा वाटला. परंतु मला बकऱ्यांची सहल चालेल, आणि ती का चालेल याचे कारण माझ्या सातवीतल्या वर्गात आहे.

आमच्या वर्गात सहलीचे पैसे जमा करताना गुरुजी म्हणायचे, "ज्यांनी पैसे दिलेले नाहीत त्यांनी उभे राहा." एसटी महामंडळ शाळांच्या सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते, तेव्हाही देत होते, म्हणून रक्कम फार नसायची, पण माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या घरी ती फारच होती. तिचे वडील गुऱ्हाळावर कामाला होते. ती उभी राहिली आणि कारण विचारल्यावर म्हणाली, "मला गाडी लागते." वर्ग हसला. सलग तीन वर्षे तिला गाडी लागली. गणपतीपुळ्याहून मी तिच्यासाठी दोन शिंपले आणले होते, ते तिने घेतले. आणि सहामाहीच्या पेपरात 'आमची सहल' हा निबंध आला, तेव्हा तिने समुद्राचे, तिखटमिठाच्या पुऱ्यांचे आणि परतीच्या वाटेवरच्या गाण्यांच्या भेंड्यांचे इतके सरस वर्णन केले की गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला. तेव्हा मात्र कोणी हसले नाही. मी त्या निबंधातले माझे सगळे ऐकीव तपशील ओळखत होते आणि मान खाली घालून बसले होते.

आपल्याकडे वाद सहल कुठे न्यावी याचा होतो, किती जोखमीची आहे याचा होतो, अलीकडे ती किती महाग आहे याचाही होतो, पण सहलीच्या दिवशी वर्गात कोण उरते, हा प्रश्न मी फारसा ऐकलेला नाही. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना दिल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना त्यातून मोकळे करू पाहिले, ते मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले, आणि त्यावर आम्ही इथल्या मराठी मंडळातही तावातावाने बोललो. वर्गातल्या बाकासाठी आपण न्यायालयापर्यंत जातो. त्याच वर्गाची बस निघते तेव्हा त्या बाकावरच्या मुलाचे काय होते याची मात्र चौकशी करत नाही. सिंगापूरच्या सहलीचे पैसे बाकाबरोबर मिळत नाहीत. पत्रकात 'सहल ऐच्छिक आहे' असे छापलेले असते, आणि त्या एका शब्दावर शाळेची जबाबदारी संपते.

एफ्टेलिंगच्या त्याच वनात २००४ पासून काडीपेट्या विकणारी मुलगीही आहे. बर्फात, भिंतीला टेकून, एकेक काडी पेटवत ती दुसऱ्यांच्या घरातली मेजवानी पाहते. आमची चारही मुले तिच्यासमोर इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळ गप्प उभी राहिली. सीरियाच्या मुलाने विचारले की तिला आत का घेत नाहीत, आणि माझ्या मुलीने मोठ्या जाणतेपणाने त्याला सांगितले की गोष्ट तशीच आहे.

दादाला मी एवढेच लिहिले की भाच्याला जरूर पाठव, पाळण्यात बसू दे, त्याने काही बिघडत नाही, मात्र पैसे भरण्याआधी शाळेला एक विचार, की वर्गातले किती जण जाणार नाहीत आणि त्या पाच दिवसांत त्यांच्यासाठी काय ठेवले आहे. दोन दिवस गटावर शांतता होती. मग त्याचा निरोप आला. वर्गात ४४ मुले, जाणारी २९. उरलेल्या १५ जणांसाठी ग्रंथालय उघडे ठेवणार आहेत. खाली वहिनीने लिहिले होते की भाचा म्हणतो, त्याच्या शेजारच्या मुलाला विमान लागते.