रॅटलस्नेकवर गाडी घाला म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एकच संदेश तीन जणांनी तीन वेळा पाठवला. कुणीतरी रस्त्यावरच्या रॅटलस्नेकला, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणाऱ्या इथल्या विषारी सापाला, लांब दांड्यानं बाजूला सारतोय अशा व्हिडिओखाली तो चिकटवलेला होता. मजकूर थोडक्यात असा: हे बघून शहाणपणा करायला जाऊ नका. रॅटलस्नेक माणसाच्या मागे लागतो. हल्ली त्यांनी खुळखुळा वाजवणं सोडलंय. पिल्लू मोठ्यापेक्षा जास्त घातक. अर्धवट सोडला तर डूख धरतो. म्हणून सरळ गाडी अंगावर घाला, आणि फारच दया आली तर शेपटीला धरून पोत्यात घाला नि लांब डोंगरात सोडा. तळाशी पुस्ती: भारतातून येताना सर्पदंशाचं इंजेक्शन घेऊन या.

मी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या कडेला राहतो. इथले सोळा पावसाळे पाहिलेत. हो, इथंही मान्सूनच म्हणतात, 15 जून ते 30 सप्टेंबर. या राज्यात रॅटलस्नेकच्या 13 जाती आहेत, अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तेव्हा हा विषय आमच्यासाठी निव्वळ करमणुकीचा नाही.

आधी त्या संदेशामागच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. आपण ज्या देशातून आलो तिथं 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. घोणस, फुरसं ही नावं ऐकतच आपण वाढलो. अमेरिकेत विषारी साप वर्षाला सात-आठ हजार लोकांना चावतात आणि त्यातले साधारण पाच दगावतात. आकडा लहान दिसतो, कारण दवाखाना जवळ आहे आणि औषध मिळतं. बोट गमावलेले, हात सुजून काळानिळा पडलेले आणि बिल बघून गार झालेले लोक या पाचात मोजलेले नाहीत. त्यामुळे ‘काही होत नाही हो’ असं मी म्हणणार नाही.

पण ‘मागे लागतो’? रॅटलस्नेकचा सरपटण्याचा वेग तुमच्या साध्या चालण्याएवढा, तोही जीव तोडून पळाला तर. उंदीर-घुशींवर जगणाऱ्या प्राण्याला सत्तर किलोच्या माणसाचा पाठलाग करून मिळणार काय? तो घाबरला की जवळचं झुडूप, बीळ किंवा सावली गाठायला निघतो. ती सावली तुमच्या गाडीची असेल, बीळ तुमच्या पाठीमागे असेल, तर तो तुमच्या दिशेनं येतो. मग तुम्ही पळता आणि घरी जाऊन सांगता की मागे लागला होता. आपल्याकडे धामणीबद्दलही असंच सांगतात.

त्याची झेप मात्र लक्षात ठेवायची. अंगाच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत तो फटका मारू शकतो. इथं सगळ्यात जास्त दिसणारा वेस्टर्न डायमंडबॅक बहुधा मीटर-सव्वा मीटरचा असतो. म्हणजे दोन मीटर लांब उभं राहिलात तर त्याला तुमचं काहीही करता येत नाही. चावे बसतात ते बहुतेक या दोन मीटरच्या आत कुणीतरी हौसेनं हात घातल्यावर, नाहीतर न बघता पाऊल टाकल्यावर.

‘वाजवणं सोडलंय’ हा दावा इथले जुने गोरे शेजारीही छातीठोक करतात. वाजवणारे मारले गेले, गप्प बसणारे उरले, असं त्यांचं गणित. ऐकायला डार्विन वाटतो, पण पुरावा नाही. मुळात हा साप गप्पच बसणारा आहे. मातीच्या रंगाचं अंग घेऊन जो दगडाशेजारी पडून राहतो, तो स्वतःहून जागा कशाला सांगेल? खुळखुळा हा शेवटचा उपाय. शेपटीच्या टोकाशी नखाच्याच द्रव्याची पोकळ कड्या एकात एक अडकलेल्या असतात. दर वेळी कात टाकली की एक कडी वाढते. वर्षात अनेकदा कात पडते आणि टोकाच्या कड्या तुटूनही जातात, म्हणून कड्या मोजून वय काढता येत नाही. 2021 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथल्या संशोधकांनी दाखवलं की तुम्ही जवळ जाऊ लागलात की तो वाजवण्याचा वेग हळूहळू वाढवतो आणि एका क्षणी एकदम चढवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, साप आहे त्यापेक्षा जवळ आहे! खुळखुळा खरोखर गमावलेली एक जात आहे, कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या सांता कातालिना बेटावर. ती आपल्या रस्त्यावर यायची नाही. तात्पर्य एवढंच की आवाज आला नाही म्हणजे साप नाही, असं समजू नका. हा सल्ला संदेशात असता तर मीच पुढे पाठवला असता.

पिल्लाचं झटपट सांगतो. ‘पिल्लाला विष आवरता येत नाही, सगळं ओततं’ असं म्हणतात. ओतू दे की! त्याच्या ग्रंथीत असतं किती? मोठा साप आवरून सोडतो तेही पिल्लाच्या कित्येक पट असतं. दोघांपासून लांब राहा, इतकंच.

डूख धरण्याबद्दल काय बोलायचं? जो प्राणी माणसाचा चेहरा लक्षात ठेवत नाही, त्याच्यावर आपण सूडकथा लादतो. एक गोष्ट मात्र खरी आहे: रॅटलस्नेकच्या माद्या अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात आणि त्यांनी पहिली कात टाकेपर्यंत आठवडाभर तरी त्यांच्याजवळ थांबतात. एक मादी दोन-तीन वर्षांतून एकदा विते. रस्त्यावर चिरडलेली मादी भरून यायला किती काळ लागेल, हिशेब करून बघा.

आता मुख्य मुद्दा, गाडी घालण्याचा. साप रस्त्यात का पसरलेला असतो? सूर्य मावळल्यावरही डांबर तापलेलं राहतं आणि सापाला ती ऊब हवी असते. शिवाय गाडी जवळ आली की पळण्याऐवजी जागीच थिजायची रॅटलस्नेकची खोड आहे. रानात ती कामी येते, रस्त्यावर जीव घेते. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये रस्त्यावर खोटे साप आणि कासवं ठेवून केलेली पाहणी 2007 मध्ये छापून आली. 2.7 टक्के चालकांनी मुद्दाम गाडी त्यांच्यावर घातली होती. आपल्या संदेशाला तो टक्का वाढवायचाय.

आणि गाडी घातली म्हणजे धोका संपला असंही नाही. आमच्याच राज्यातल्या फीनिक्सच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये नोंदवलंय की 11 महिन्यांत आलेल्या 34 दंशरुग्णांपैकी 5 जणांना ‘मेलेल्या’ सापानं चावलं होतं. टेक्सासमध्ये 2018 साली एका माणसाला तोडलेल्या मुंडक्यानं दंश केला आणि त्याला प्रतिविषाच्या 26 कुप्या द्याव्या लागल्या. चिरडलेला साप बघायला खाली उतरणारं कार्टं प्रत्येक कुटुंबात एक असतंच.

दयेचा पर्याय तर मारण्याहून वाईट. शेपटीला धरायचं म्हणजे त्या दोन मीटरच्या आत जायचं, तेही बिथरलेल्या सापाजवळ. आणि लांबचा डोंगर म्हणजे त्याच्यासाठी परमुलूख. हा साप वर्षानुवर्षं त्याच टापूत राहतो, हिवाळ्यात त्याच कपारीत परततो. पेनसिल्व्हेनियात टिंबर रॅटलस्नेक दूर नेऊन सोडले तेव्हा निम्म्याहून अधिक मेले, कारण पाणी कुठं, बीळ कुठं, हे न कळता ते वणवण फिरत राहिले. आपल्याकडच्या काही हौशी सर्पमित्रांनाही हे ऐकवायला हवं.

मग मी काय करतो? मोठ्या हमरस्त्यावर असेन तर काहीच नाही. थांबत नाही, सापासाठी गाडी वळवतही नाही. आडरस्त्यावर, मागेपुढे वाहन नसेल तर कडेला उभी करून चारही दिवे लुकलुकते ठेवतो आणि वाट बघतो. आतापर्यंत सहा वेळा हा प्रसंग आला. चार वेळा साप पाचेक मिनिटांत स्वतःच निघून गेला. एकदा मागून ट्रक दिसला म्हणून डिकीतला लांब दांड्याचा झाडू काढला. बायको टॉर्च धरून ओरडत होती, ‘अहो, बास, मागे या!’ तिचं बरोबर होतं, म्हणून आधी मागे आलो, ट्रकला हात दाखवून थांबवलं आणि मग दांडा हाताच्या टोकाशी धरून, केर लोटावा तसं त्याला मागून हळूहळू लोटलं. ज्या बाजूला तोंड होतं त्याच बाजूला, नाहीतर तो पुन्हा रस्त्यावर येतो. त्यानं वेटोळं घातलं, खुळखुळा तारस्वरात. मी थांबलो, तो सैल झाला, पुन्हा लोटलं. सहाव्यांदा साप उताराखालच्या वळणावर होता. तिथं थांबलो नाही. त्याचं काय झालं ते ठाऊक नाही.

राहिलं इंजेक्शन. पहिली गोष्ट, ती लस नव्हे, की टोचून ठेवली नि झालं. दुसरं, भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. रॅटलस्नेकवर त्याचा काही उपयोग नाही. ते शिरेतून, दवाखान्यातच द्यावं लागतं, कारण त्याचीच जोरदार रिॲक्शन येऊ शकते. इथल्या दवाखान्यांत इथल्या सापांवरचं औषध असतं. चावला तर अंगठी-घड्याळ काढा, दोरी बांधू नका, चिरू नका, बर्फ लावू नका, 911 हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर फिरवा. आणि बॅगेत त्या इंजेक्शनाची जागा मोकळी झाली आहे तर कोकम आणा.