‘बेन, रिलीज एटले शुं?’

दोन महिने झाले, तरी ही गोष्ट मनातून जात नाही. आज रविवार, म्हणून लिहायला बसले आहे. लांबेल, आधीच सांगते.

मी ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. बडोद्याच्या माणसाला हे काम काय असतं ते समजावून सांगावं लागत नाही, कुणाचा ना कुणाचा भाऊ नाहीतर मेहुणा या धंद्यात असतोच. दोन महिन्यांपूर्वी आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. हेड ऑफिसहून साहेब आले होते. वीसेक मिनिटं बोलले. कंपनी फ्यूचर-रेडी करायची आहे, मॅनपॉवर राइटसाइझ होणार आहे, नॉन-कोअर ॲक्टिव्हिटीज रीअलाइन होतील आणि या ट्रान्सफॉर्मेशन जर्नीत काही रिसोर्सेस रिलीज केले जातील. भाषण संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेने वाजवल्या म्हणून मागच्यांनीही वाजवल्या.

बाहेर हात धुवायच्या नळापाशी वाइंडिंगचे एक काका थांबले होते. २६ वर्षं कॉइल गुंडाळत आले आहेत. इन्सुलेशनचा कागद दोन बोटांत धरून सांगतात, आज हवेत ओल आहे, ही कॉइल ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवा. मला म्हणाले, ‘बेन, रिलीज एटले शुं? आपणो ओवरटाइम छूटशे?’ रिलीज म्हणजे काय, आपला ओव्हरटाइम सुटणार का, असं विचारत होते.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे पगार रिलीज होतो, पेमेंट रिलीज होतं, अडकलेलं बिल रिलीज होतं. हा शब्द त्यांनी आयुष्यभर पैसे सुटण्यासाठीच ऐकलेला. मला पटकन बोलताच येईना. मग सांगितलं, काका, माणसांना छूटा करणार आहेत. नोकरीवरून काढायला गुजरातीत हाच शब्द आहे आणि बडोद्यातल्या मराठी घरांतही तोच चालतो. काकांनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि एवढंच म्हणाले, ‘तो सीधुं कहेवुं हतुं ने.’ मग सरळ सांगायचं होतं ना.

शुक्रवारी यादी लागली. त्यात त्यांचं नाव होतं.

ऑर्डरी घटल्या की कारखाने माणसं कमी करतात, हे मी नोकरीला लागल्यापासून बघते आहे. ते योग्य की अयोग्य यावर वेगळं भांडता येईल. पण ज्याची नोकरी जाणार त्याच्याच समोर उभं राहून, त्याला न कळणाऱ्या शब्दांत ती बातमी द्यायची आणि वर त्याच्याच टाळ्या घ्यायच्या, याला मी क्रूरपणा म्हणते. ‘रिसोर्सेस रिलीज केले जातील.’ कोण करणार? कुणाला? कधीपासून? या वाक्यात काढणारा माणूस नाही आणि निघणाराही नाही. मग जाब विचारायचा कुणाला?

इंग्रजीशी माझं वैर नाही. आमच्या शॉपमधले निम्मे शब्द इंग्रजीच आहेत. ‘मेगर मारला का?’, ‘गॅस्केट नीट बसलं नाही’, ‘टॅप चेंजर अडकतोय’. हे शब्द ऐकले की वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. आणि शुद्ध मराठीतही हा रोग आहेच. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य वाचून कोण, काय आणि कधी करणार हे आजवर कुणाला कळलं आहे?

तेलाचा बीडीव्ही, म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेज, तेल किती व्होल्टेज सोसतं तो आकडा, कसा काढतात ते सांगते, म्हणजे माझा मुद्दा कळेल. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना एका छोट्या भांड्यात घ्यायचा. आत दोन इलेक्ट्रोड, मध्ये २.५ मिलिमीटरची फट. व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं. ठिणगी पडली की आकडा लिहायचा. असं सहा वेळा करून सरासरी काढायची. तेलात पाण्याचा अंश असेल, बारीक तंतू असतील, तर ठिणगी लवकर पडते. तेल चांगलं की वाईट यावर कुणाचं मत विचारावं लागत नाही.

मागच्या वर्षी एका जॉबच्या, म्हणजे ऑर्डरच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या, तेलाचा आकडा ४२ किलोव्होल्ट आला. आम्ही गाळलेलं तेल ६० च्या खाली घेत नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘बीडीव्ही ४२. तेल नापास. परत गाळा.’ संध्याकाळी रिव्ह्यू मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे बैठकीची नोंद, आले, त्यात माझ्या तीन वाक्यांचं झालं होतं, ‘ऑइल पॅरामीटर्समध्ये इम्प्रूव्हमेंट ऑपॉर्च्युनिटी आयडेंटिफाय झाली असून संबंधित टीम्सना अलाइन करून पॉइंट क्लोज केला जाईल.’ नापास हा शब्द का काढला, मी विचारलं. उत्तर मिळालं, ‘मॅडम, निगेटिव्ह लँग्वेज टाळायची असते, हे कस्टमरपर्यंत जातं.’

रात्रपाळीने मिनिट्स वाचले, रजिस्टर उघडलं नाही. ‘थांबा’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेल भरलं गेलं. पुढे हाय व्होल्टेज टेस्टला आतून आवाज आला. टेस्टिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, तो आवाज कानाआधी पोटात कळतो. तेल काढलं, टाकी उघडली, तर आतल्या प्रेसबोर्डवर, म्हणजे इन्सुलेशनच्या जाड पुठ्ठ्यावर, झाडाच्या मुळांसारखी काळी रेघ गेलेली. सगळं खोलून, सुकवून, परत भरायला ११ दिवस गेले. त्यात रात्रपाळीच्या मुलांनी दोन रविवार घातले. चौकशीच्या कागदावर कारण काय लिहिलं? कम्युनिकेशन गॅप. मी लिहिलेला ‘नापास’ शब्द कुणीतरी खोडला होता, ती गॅप आपोआप पडली नव्हती.

आमचं ११ दिवसांवर निभावलं. अमेरिकेच्या कोलंबिया अंतराळयानाचं निभावलं नाही. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना ते तुटलं, आपल्या कल्पना चावलांसह ७ जण गेले. उड्डाणाच्या वेळीच फोमचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्याचा हिशेब करून अधिकाऱ्यांना स्लाइड्स दाखवल्या होत्या. चौकशी मंडळाने त्यातली एक स्लाइड आपल्या अहवालात छापून तिची चिरफाड केली आहे. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द त्या एका स्लाइडवर वेगवेगळ्या रूपांत ५ वेळा येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ बदलतो. मथळा धीर देणारा. आणि पार तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट: ज्या चाचण्यांवर अंदाज बांधला त्यातला तुकडा ३ घनइंचाचा, आणि पंखाला लागलेला सुमारे १९२० घनइंचाचा. ६४० पट. तो आकडा मथळ्यात असता तर यान वाचलंच असतं, असं मी म्हणणार नाही. पण ऐकणाऱ्यांची झोप नक्की उडाली असती. मी ही स्लाइड पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमचे मिनिट्स आठवले आणि हातपाय गार पडले.

हे सगळं बडोद्यात होतं याचं मला जास्त वाईट वाटतं. मी कलाभवनला शिकले. १८९० साली सयाजीराव महाराजांनी प्रोफेसर गज्जरांच्या हाताने ते उभं केलं, ते इथल्या कारागिरांच्या मुलांना इथल्या भाषेत तंत्रशिक्षण मिळावं म्हणून. रंगकाम आणि यंत्रकाम गुजरातीतून शिकवत होते, त्या काळात! १९३१ मध्ये महाराजांनी सयाजीशासनशब्दकल्पतरु काढला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा सात भाषांतले प्रतिशब्द त्यात दिले आहेत. एका संस्थानाने कारभाराच्या शब्दांसाठी एवढी मेहनत घेतली. त्याच गावात आज २६ वर्षं घाम गाळलेल्या माणसाला ‘छूटा’ हा त्याच्या ओळखीचा शब्द मिळत नाही.

नव्या मुलामुलींवर मात्र माझा राग नाही. माझ्या हाताखाली एक ट्रेनी आहे, मराठी शाळेतून आलेली, हुशार. तिला वाटतं की ऑफिसातलं चांगलं इंग्रजी म्हणजे हेच, आणि हे आलं नाही तर अप्रेझलमध्ये मागे पडू. ती भीती खोटी नाही, तिच्या बॅचच्या दोघांना तसं तोंडावर सांगितलंय. एकदा मी तिला एक जास्तीचा रिपोर्ट करायला सांगितला. तिने मेसेज पाठवला, ‘मॅम, आय डोन्ट हॅव बँडविड्थ.’ मी इलेक्ट्रिकलची बाई, माझ्यासाठी बँडविड्थ हर्ट्झमध्ये मोजायची गोष्ट. मी सरळ तिच्या टेबलापाशी गेले. डोळे लाल. सलग तीन रात्री बारापर्यंत थांबली होती. ‘मॅम, मी फार दमलेय’ हे तिला लिहिता आलं नव्हतं. ते लिहिलं असतं तर मी तिला घरी पाठवलं असतं, आणि त्या दिवशी पाठवलंच. पण बाकी किती मुलं बँडविड्थ नाही म्हणत बसली असतील आणि कुणी उठून त्यांच्या टेबलापाशी गेलं नसेल?

तेलाच्या त्या प्रकरणापासून माझ्या सेक्शनच्या रिपोर्टमध्ये नापास म्हणजे नापास लिहिलं जातं आणि खाली माझी सही असते. ‘टोन सुधारा’ म्हणून दोनदा परत आला. दोन्ही वेळा तसाच पाठवला.

काका आता मकरपुऱ्यात एका रिवाइंडिंगच्या शेडमध्ये रोजावर जातात. त्यांची ग्रॅच्युइटी अजून मिळालेली नाही. कायद्याने ती ३० दिवसांत द्यायची असते, पुढे उशीर झाला तर व्याजासकट. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, गप्प बसू नका. मी एचआरला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सेटलमेंट पाइपलाइनमध्ये आहे असं उत्तर आलं. परवा काकांचा फोन आला, ‘बेन, पेलुं रिलीज थयुं?’ ते रिलीज झालं का? या वेळी शब्द पैशांसाठीच होता.

काल संध्याकाळी त्यांना घरी बोलावलं. लेबर ऑफिसच्या फॉर्मला जोडायचं पत्र गुजरातीत लिहिलं. ते सांगत गेले, माझा मुलगा लिहीत गेला. मी इथे २६ वर्षं काम केलं. मला या तारखेला कामावरून काढलं. माझी ग्रॅच्युइटी मिळालेली नाही. ती व्याजासह द्यावी. काकांनी पत्र एकदा मोठ्याने वाचलं आणि सही केली. उद्या अर्धी रजा टाकून आम्ही दोघं ते द्यायला जाणार आहोत.