रीफ टँकमधील ‘पन्नास पट प्रवाह’: एका लोकप्रिय सूत्राचा प्रतिवाद

रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवण्याची खाऱ्या पाण्याची काचटाकी, उभारू पाहणाऱ्याच्या हाती कधी ना कधी एक तयार सूत्र पडते. टाकीत जितके लिटर पाणी असेल त्याच्या निदान पन्नास पट प्रवाह दर तासाला हवा. त्या हिशेबात संपमधून (मुख्य टाकीखालच्या, पाणी शुद्ध करण्याच्या टाकीतून) पाणी वर चढवणारा रिटर्न पंपही धरावा. दोन वेव्हमेकर (टाकीच्या आत पाणी ढवळणारे पंप) असतील तर ते दोन टोकांच्या काचांवर समोरासमोर लावावेत, म्हणजे मध्ये पाण्याची चांगली घुसळण होते. आणि एवढे करूनही कुठे गाळ साचला किंवा वाळूवर लाल थर धरला, तर त्याहून मोठा पंप आणावा. सूत्र सुटसुटीत आहे, लक्षात राहते आणि पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा त्यात थेट बसतो. नवशिके पाणी फार संथ ठेवतात आणि या सूत्रामुळे ते निदान त्या चुकीतून बाहेर पडतात, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. बाकीचा भाग मात्र तपासून घेण्यासारखा आहे.

पहिला मुद्दा पन्नास या आकड्याचा. प्रवाळाच्या ऊतींना लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ निश्चल थर असतो. कार्बन व पोषकद्रव्ये आत येणे आणि प्राणवायू व टाकाऊ द्रव्ये बाहेर पडणे हा सगळा व्यवहार या थरातूनच होतो, आणि तिथे पाणी वाहत नसल्यामुळे तो विसरणाच्या मंद गतीनेच चालतो. बाहेरच्या पाण्याचा वेग वाढला की हा थर पातळ होतो आणि व्यवहार सुधारतो. प्रखर प्रकाशात ऊतींमधील शैवाल इतका प्राणवायू तयार करते की तो वेळेवर बाहेर पडला नाही तर प्रकाशसंश्लेषणच मंदावते, आणि प्रवाहाचा फायदा होतो तो मुख्यतः हा प्राणवायू वाहून नेल्यामुळे, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवले गेले आहे. १९९८ च्या मोठ्या विरंजनानंतर (उष्ण पाण्यात ऊतींमधील शैवाल गमावून प्रवाळ पांढरे पडण्यानंतर) जपानमध्ये अॅक्रोपोरा प्रवाळांवर केलेला आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून बोलका आहे. उष्ण पाण्यात सेकंदाला ५० ते ७० सेंमी वेगाच्या प्रवाहात ठेवलेल्या वसाहती तगल्या. सेकंदाला २ ते ३ सेंमी वेगात ठेवलेल्या वसाहतींचे विरंजन झाले आणि त्यांतल्या बऱ्याच दगावल्या. त्या प्रयोगात जे मोजले गेले ते प्रवाळाजवळून जाणाऱ्या पाण्याचा वेग हे होते. भोवती एकूण किती लिटर पाणी आहे आणि ते तासात किती वेळा फिरले, याचे प्रवाळाला काहीच देणेघेणे नसते.

आता तोच आकडा दोन टाक्यांना लावून पाहू. १८० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ५० सेंमी पाणी असलेली टाकी ४०५ लिटरची होते. प्रत्येक बाजू ७४ सेंमी असलेली घनाकृती टाकीही ४०५ लिटरचीच. पन्नास पटीच्या नियमाने दोन्हींना ताशी २०,२५० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ लिटर प्रवाह लागतो. हे सगळे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ गेले असे क्षणभर मानले, तर लांब टाकीत सरासरी वेग सेकंदाला २.५ सेंमी येतो आणि घनाकृती टाकीत जेमतेम १ सेंमी. प्रत्यक्षात पाणी काचेवर आपटून वळते आणि पंपाचा झोत आजूबाजूचे पाणीही सोबत ओढतो, त्यामुळे खरे वेग यापेक्षा बरेच जास्त असतात. तरीही नियम तोच, लिटर तेवढेच आणि सरासरी वेगात अडीच पटींचा फरक, ही विसंगती उरतेच. त्यात दगडांची रचना तर अजून धरलेलीच नाही.

खोक्यावरच्या आकड्यावर एवढा भरवसा का ठेवू नये, याचे दुसरे कारण पंपाच्या तोंडात आहे. ताशी १०,००० लिटर पाणी फेकणारे दोन पंप घेऊ. एकाच्या तोंडाचा व्यास ८ सेंमी असेल तर पाणी सेकंदाला सुमारे ५५ सेंमी वेगाने बाहेर पडेल. दुसऱ्याचा ४ सेंमी असेल तर सुमारे २२० सेंमी वेगाने. तोंडापासून काही अंतरावर गोल झोताचा मधला वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो, आणि त्या हिशेबाने ६० सेंमी अंतरावर पहिल्या पंपाचा वेग साधारण ४४ सेंमी उरतो, दुसऱ्याचा ८८. फिरत्या पंख्यामुळे झोताला पीळ पडतो आणि तो लवकर पसरतो, म्हणून हे आकडे कमाल मर्यादेचे समजावेत. पण दोन्ही पंपांच्या खोक्यांवर छापलेला आकडा एकच असेल, हे विसरू नये. जुन्या धाटणीचे पॉवरहेड बारीक तोंडातून पिचकारीसारखा झोत मारतात, पंख्याचे पंप रुंद व मऊ झोत देतात, आणि आडव्या लांब रोटरचे जाइर पंप पाण्याची चपटी चादर सोडतात. लांब टाकीला पल्ला लागतो, आखूड टाकीला पसारा लागतो. निवड इथून सुरू व्हायला हवी; लिटरचा आकडा नंतर पाहता येतो.

रिटर्न पंप हिशेबात धरण्याचा सल्ला थोडक्यात निकालात काढता येतो. त्याच्यावर छापलेला आकडा पाणी उंच न चढवता मिळणारा असतो. संपपासून टाकीच्या काठापर्यंतची उंची, पाइपची वळणे आणि जोड यांत त्यातला मोठा हिस्सा खर्च होतो. शिवाय त्याचे काम पाणी स्किमर (टाकाऊ द्रव्ये फेसाबरोबर वेगळी काढणारे यंत्र) व हीटरपर्यंत नेणे-आणणे हे आहे आणि त्यासाठी टाकीच्या पाच-सहा पट प्रवाह सहसा पुरतो. पन्नासची भरती करण्यासाठी मोठा रिटर्न पंप घेणाऱ्याला वाढते वीजबिल आणि ओव्हरफ्लोचा (टाकीतले पाणी खाली संपमध्ये उतरवणाऱ्या वाटेचा) खळखळाट एवढेच मिळते.

समोरासमोर पंप लावण्याच्या सल्ल्याला मात्र जरा सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण तो अर्धा खरा आहे. दोन सारखे झोत एकमेकांवर आदळले की मध्ये घुसळण होते, यात वाद नाही. पण त्या टकरीत दोन्ही झोतांचा पुढे जाण्याचा जोर संपतो आणि पाणी टकरीच्या जागेवरून वर, खाली, पुढे आणि मागे फाकते. वर गेलेले पाणी पृष्ठभागावर फुगवटा आणते. खाली गेलेले वाळू उकरते. बारीक वाळूच्या टाकीत बरोबर मधोमध वाटीएवढा खड्डा पडून तळाची काच उघडी पडलेली दिसली, तर पंप सतत आमनेसामने चालू आहेत हे टाकीच्या मालकाला न विचारताही सांगता येते. ही टक्कर रात्रंदिवस त्याच जागी होत राहते, म्हणजे तिथले प्रवाळ कायम झोडपले जाते आणि दगडांच्या मागची जागा कायम प्रवाहाला मुकते. ‘गोंधळलेला’ प्रवाह म्हणून ज्याची भलामण केली जाते, तो असा एका जागी खिळलेला असतो.

याउलट एका टोकाच्या काचेवर, पृष्ठभागाखाली १० ते १५ सेंमीवर पंप लावला, तर पाणी वरच्या अंगाने पलीकडच्या काचेपर्यंत जाते, तिथे खाली वळते आणि तळावरून परत येते. या फेऱ्याला अडथळा नसेल तर पाण्याचा जोर काही मिनिटे वाढत राहतो आणि लहान पंपही सगळी टाकी फिरवतो. त्यासाठी दगड मागच्या काचेला टेकवून भिंत रचण्याऐवजी मध्ये बेटासारखे ठेवावे लागतात आणि त्यांच्यामागे हात जाईल एवढी वाट सोडावी लागते. पंपांवर होणाऱ्या चर्चेत हा भाग नेहमी गाळला जातो, आणि माझ्या मते निम्मे प्रश्न तिथेच असतात. दुसरा पंप पलीकडच्या टोकाला खुशाल लावावा, पण दोघांनी आळीपाळीने काम करावे: काही तास एक जोरात आणि दुसरा मंद, मग उलट. दिशा बदलली की आधीच्या फेऱ्यात ज्या फटी आडोशाला होत्या त्या समोर येतात. झोत किंचित वर वळवला तर पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा फुटतो आणि वायूंची देवाणघेवाण सुधारते. फार वर वळवला, तर पंप हवा ओढतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे होतात.

लाटांच्या मोडबद्दलही इथेच सांगितलेले बरे. १२० सेंमी लांब आणि ५० सेंमी पाणी असलेल्या टाकीत पाणी एका टोकाकडून दुसरीकडे जाऊन परत येण्याचा नैसर्गिक आवर्तनकाळ सुमारे १.३ सेकंद असतो, आणि पंप तेवढ्याच अंतराने चालू-बंद केला की मोठी डोलणारी लाट उभी राहते. ती सुंदर दिसते, प्रवाळांना मानवतेही. पण त्यात पाणी मुख्यतः जागच्या जागी मागेपुढे होते, आणि हलका कचरा उचलून ओव्हरफ्लोपर्यंत नेण्याचे काम तिच्यावर सोडता येत नाही.

उरला गाळाचा आणि लाल थराचा मुद्दा. लाल थर म्हणजे बहुतेकदा सायनोबॅक्टेरिया, आणि त्यांच्या वाढीमागे पाण्यातील पोषकद्रव्यांचे बिघडलेले प्रमाण व साचलेले सेंद्रिय द्रव्य असते. जोरदार झोत तो थर उडवून लावतो, पण तो दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो. मोठा पंप घेण्याआधी आहे तोच पंप बाहेर काढून पाहावा. काही महिने पाण्यात राहिलेल्या पंपाच्या जाळीवर गुलाबी कॅल्शियमी शैवालाचे कवच चढलेले असते, फटी निम्म्या बुजलेल्या असतात, आणि पंख्याच्या पात्यांवर पांढऱ्या, गोगलगायीसारख्या वेटोळ्या नळ्या करून बारीक कृमी बसलेले असतात. पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक अॅसिडच्या द्रावणात तो भिजत ठेवून जुन्या टूथब्रशने घासला, की गमावलेला प्रवाह बहुधा परत मिळतो आणि नव्या पंपाची गरज उरत नाही.

एवढ्यानेही शंका राहिली तर वेग मोजता येतो, आणि त्यासाठी उपकरण लागत नाही. समोरच्या काचेवर ३० सेंमी अंतराने दोन खुणा कराव्यात, गोठवलेल्या मायसिसचे (माशांना खाऊ घालतात त्या कोळंबीसारख्या बारीक जीवांचे) थोडे तुकडे पाण्यात सोडावेत आणि फोनवर चित्रण करावे. तुकडा तीन सेकंदांत एका खुणेपासून दुसरीपर्यंत गेला तर तिथला वेग सेकंदाला १० सेंमी. दोन-चार ठिकाणी असे पाहिले की कुठे तुकडे गरगर फिरत राहतात, कुठे खाली बसतात आणि कुठे गोळीसारखे निघून जातात, ते उघड होते, आणि पंप कुठे सरकवायचा हे त्यावरून ठरते.

शेवटी, सगळ्या प्रवाळांना एकच पट लावणे हेही टिकणारे नाही. अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या एसपीएसना (लहान पॉलिपच्या कठीण प्रवाळांना; पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक जीव) जोरदार आणि दिशा बदलणारे पाणी मानवते. युफिलियासारखे मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ) त्याच झोतात आक्रसतात, आणि झोत थेट व सतत अंगावर राहिला तर त्यांची ऊती सांगाड्याच्या कडेवर घासून फाटते. पॉलिप हलताना दिसले म्हणजे प्रवाह योग्य, ही खूणही म्हणूनच अपुरी आहे: एकाच बाजूला झुकून थरथरणारे पॉलिप हलत असतात, पण ते त्रासातही असतात. मिश्र टाकीसाठी एका मोठ्या पंपाऐवजी वेग कमी-जास्त करता येणारे दोन मध्यम पंप घ्यावेत. जोर वरच्या थरात ठेवून खालच्या बाजूला मांसल प्रवाळांसाठी शांत जागा राखता येते, आणि एक पंप बंद पडला तरी दुसरा चालू असल्याने रात्री, जेव्हा प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते आणि सगळेच जीव प्राणवायू वापरत असतात, तेव्हा पाणी निश्चल होत नाही.