दाजी, तो मिक्सर बाजूला ठेवा

काल रात्री दाजींचा फोन. ना हालहवाल, ना काही. थेट "मिथेनॉल कुठे मिळतं रे?"

बहिणीच्या नवऱ्याकडे डिझेल पिकअप आहे आणि ती दिवसभर माल वाहते. त्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचला होता, जो मी आजवर तीनदा डिलीट केलाय. मेसेजचा मतलब असा: डिझेल इंजिन मुळात वनस्पती तेलासाठीच बनलं, सोयाबीन तेल सरळ टाकीत ओता, नाहीतर घरी मिक्सरमध्ये तेलात मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) घालून पाच मिनिटांत बायोडिझेल, म्हणजे तेलापासूनचं डिझेलसारखं इंधन, करा, गाडीत काही बदलायला नको, ॲव्हरेज वाढतं, धूर शून्य, कंपन्या हे लपवून ठेवतात. "टाकीत काही ओतलं नाही ना?" असं विचारल्यावर दाजींनी विषय बदलला. म्हणून हे लिहितोय.

आधी इतिहास. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं, हे खरं. पण ते इंजिन खनिज तेलासाठीच बनवलेलं होतं, हे खुद्द रुडॉल्फ डिझेलने १९१२ मध्ये सांगितलंय. म्हणजे मेसेजने गोष्ट उलटी करून सांगितली. आणि त्या इंजिनात आजचं कॉमन रेल नव्हतं, जिथे दीड-दोन हजार बारच्या दाबाने इंधन बारीक छिद्रांतून फवारलं जातं.

तेल आणि बायोडिझेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ४० अंश तापमानाला सोयाबीन तेल डिझेलच्या निदान आठपट दाट असतं. त्याचा बारीक फवारा होत नाही, थेंब अर्धवट जळतात, नोझलवर आणि पिस्टनवर कार्बन साचतो, रिंगा चिकटतात आणि खाली उतरलेल्या तेलाने इंजिन ऑइलची जेली होते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या बायोडिझेल मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय, की डिझेलमध्ये नुसतं १० ते २० टक्के कच्चं तेल मिसळलं तरी कालांतराने हे सगळं होऊ शकतं. "माझी गाडी तर महिनाभर मस्त चालतेय" म्हणणारे खोटं बोलत नसतात. महिनाभर चालतेच.

आता मिक्सर. हा मेसेज लिहिणाऱ्याला धरून हलवावंसं वाटतं.

बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश घालतात. साधारण १०० किलो तेलाला १० किलो मिथेनॉल लागतं. हाती १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन येतं. कागदावर सोपं आहे. पण मिथेनॉलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही ठिणगीने पेटते, आणि मिक्सरची मोटर चालताना ठिणग्या पाडते. उजेडात मिथेनॉलची ज्योत जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागलीय हे कळायलाच उशीर होतो. श्वासातून, कातडीतून ते अंगात जातं. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. त्यात कॉस्टिक विरघळलं की अंगावर उडालेला थेंब भाजतो. तेलात पाणी असेल तर बायोडिझेलऐवजी साबण होतो. ग्लिसरीन खाली बसायला, मग धुवायला, सुकवायला तास न् तास लागतात. मिथेनॉल आत राहिलं, तर एरवी डिझेलपेक्षा उशिरा पेट घेणारं हे इंधन टाकीतच धोकादायक होतं. पाच मिनिटं म्हणे!

ॲव्हरेज? शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे ८ टक्के कमी असते. कमी ऊर्जेत गाडी जास्त धावेल कशी?

धुराबाबत मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २००२ च्या अभ्यासात डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळल्यावर धुरातले कण सुमारे १० टक्के घटले. नायट्रोजन ऑक्साइड मात्र सुमारे २ टक्के वाढले. कमी झाला, शून्य नाही. शिवाय कमी गंधकाच्या डिझेलला एक-दोन टक्के बायोडिझेलने वंगण मिळतं, पंपाची झीज कमी होते. पण हे सगळं मानकात बसणाऱ्या बायोडिझेलबद्दल. कॅनमधल्या तेलाबद्दल नव्हे.

"काही बदलायला नको" हे प्रमाणावर अवलंबून आहे. पाच टक्क्यांपर्यंत सहसा काहीच जाणवत नाही. शुद्ध बायोडिझेल जुन्या गाडीचे रबरी होज मऊ करतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टर तुंबवतं, आणि सोयाबीनचं असेल तर शून्य अंशाच्या आसपास गढूळ होऊ लागतं. डीपीएफ (धुरातले कण अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत ते इंजिन ऑइलमध्येही उतरतं.

कंपन्या लपवतात म्हणे. किती टक्के चालेल ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं.

दाजींना त्या पानाचा फोटो पाठवायला सांगितला. आला. "बी-७", म्हणजे सात टक्क्यांपर्यंत, तेही पंपावरूनच मिसळून आलेलं. मिथेनॉलचं आता विचारत नाहीत. टाकीत तेल ओतलंय का, याचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.