डाव्या अंगाचा टाळ

गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने भर पडवीत, पाहुण्यांदेखत जाहीर केलं, "काका, तुमचे कान गेलेत." का, तर लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेलं गाणं, आणि साधं गाणं यांतला फरक मला कळला नाही. स्पीकर त्याचा, हॉटस्पॉट माझा. माझा फोन खिडकीच्या गजात अडकवलेला, कारण देवगडात आमच्या वाडीला रेंज येते ती त्याच गजाला.

वयाबरोबर वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, मान्य. पण साधं गाणं म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिटची एएसी, आवाज गाळून लहान केलेली फाइल; तिच्यात गाळतात ते मुख्यतः मोठ्या आवाजाखाली दबून कुणालाच न लागणारे. मग फक्त माझेच कान का काढायचे?

एवढ्यात शेजारचे तात्या कोयता मागायला आले. जन्म भजनात गेलेला, त्यामुळे पुतण्याने त्यांनाच न्यायाधीश नेमलं. तात्यांनी पाय पुसले, खुर्ची ओढली, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास धरून.

"तबलो वल्लो आसा."

"करेक्ट! हे लॉसलेस!"

दुसरं लागलं.

"ह्यो सुको." मग कपाळाला आठी. "डाव्या अंगाचो टाळ मातर सैल वाजता. त्येका कोणीतरी सांगाक होया."

पुतण्या उडालाच. "काका, आजोबांना स्टिरिओ इमेजिंग कळतंय!"

करवंटीएवढा तो स्पीकर. आत आवाज काढणारा पडदा, म्हणजे ड्रायव्हर, एकच; डावं-उजवं कालवूनच बाहेर पडतं, मग कुठला आवाज कुठल्या अंगाचा हे कळणार कसं? डाव्या अंगाला होतं ते पागोळीखाली ठेवलेलं घमेलं. टण्, टण्, आणि मधेच एक थेंब चुकायचा. मी तसं म्हटलं. तात्यांनी एक डोळा उघडला.

"तू गप. तुका आयकाक येणा नाय."

बायकोने त्यांना आग्रहाने दोन मोदक जास्त वाढले. मला वाटाण्याची उसळ. कोयता अजून परत आलेला नाही.

आणि गंमत म्हणजे पुतण्या फोनवरून स्पीकरला गाणं पाठवत होता ब्लूटूथने! म्हणजे गजावरून अखंड आलेलं गाणं शेवटच्या चार हातांत ठेचलं जात होतं. वायफायवर असता तर निदान स्पीकरपर्यंत तरी धड पोचलं असतं. सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट. लॉसलेसमध्ये घडी घालून तो अर्ध्या-पाऊणवर येतो, तरी साध्या गाण्याच्या तिप्पट डेटा खातो. माझा दिवसाचा दीड जीबी संध्याकाळच्या आरतीआधीच संपला. बहिणीला व्हिडिओ कॉलवर दर्शन द्यायचं होतं. तिला दिसली बाप्पाची सोंड, अर्धा उंदीर आणि गोल फिरणारं चाक. वर तीच मला म्हणते, "दादा, जरा बरा फोन घे की."

पुतण्याचा सल्ला, "काका, फायबर लावून टाका." तारवाला म्हणतो, चतुर्थी झाली की बघू. कुठल्या वर्षाची, ते सांगत नाही.