पण सर, पुढे काय?

दर जुलैत आमच्या नाट्यविभागात एक प्रयोग तालमीशिवाय लागतो: नव्या मुलांच्या पालकांचं स्वागत. विभागप्रमुखांना नेमकी त्याच दिवशी मीटिंग निघते, अभिनय शिकवणाऱ्या सरांचा घसा बसतो (सर अभिनय उत्तम शिकवतात), आणि पालक माझ्या गळ्यात पडतात. मी प्रकाशयोजना शिकवतो. माझा जन्म अंधारात बसून दुसऱ्यांना उजेडात आणण्यात गेला. मला समोरच्या माणसाशी बोलायची सवयच नाही.

नटराजपूजन झालं, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. मग पालक बोलायला लागले. आयांचे प्रश्न सोपे असतात. डबा कुठे मिळतो, होस्टेलला पाणी किती वाजता येतं, तालमी रात्री किती वाजेपर्यंत चालतात. शेवटच्या प्रश्नाला मी "वेळेत संपतात" असं म्हणतो. कुठल्या वेळेत, ते सांगत नाही.

खरी परीक्षा बाबांची. हे "मी फक्त सोडायला आलोय" म्हणत मागच्या रांगेत, दाराच्या बाजूला, गाडीची किल्ली बोटात फिरवत बसतात. यंदा त्यातले एक उठले. "सर, श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. म्हणजे आधी डॉक्टर व्हायचं आणि मग नाटक करायचं, अशीच पद्धत आहे ना?"

सभागृहातल्या सगळ्या बाबांनी एकदम माना डोलावल्या. मराठी रंगभूमीने पालकांच्या हाती आयतं कोलीत दिलंय ते असं. मी म्हटलं, "पण लागूंनी १९६९ साली डॉक्टरकी सोडलीच की."

"सोडायला होती ना पण!"

यावर काय बोलणार? मी आपला इतिहासाचा आधार घेतला. म्हटलं, आपल्या रंगभूमीला मोठी परंपरा आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. खुद्द राजेसाहेबांचा, चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता.

"मग पुढे?"

"पुढे १८५१ साली राजेसाहेब वारले. आश्रय गेला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव दौऱ्यावर निघाले."

"म्हणजे पहिल्याच नाटकवाल्याची नोकरी गेली," एक काका शेजारच्यांना हळूच म्हणाले. नाट्यगृहाचं ध्वनिशास्त्र उत्तम असल्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मी घाईघाईने सगळ्यांना नाट्यगृह बघायला उठवलं. तोवर सीनियर मुलांनी नव्यांना कामाला जुंपलं होतं. दोन पोरं एक भलीमोठी लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, विंगेतून रंगमंचावर नेत होती. त्यातल्या एकाची आई जागीच थबकली. "घरी स्वतःची गादी उचलत नाही हा," त्या मला म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं की संताप, ते मला कळलं नाही. पोराने मात्र आईला ओळख दाखवली नाही. एवढा अभिनय तो घरूनच शिकून आला होता.

किल्लीवाले बाबा माझ्यामागोमाग लाइट-रूममध्ये आले. आता पगाराचं विचारणार म्हणून मी धास्तावलो. त्यांनी एकदा वरच्या बारला टांगलेल्या दिव्यांकडे बघितलं, मग त्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या खोक्याकडे.

"हे किती वॅटचे?"

"एकेक हजाराचा. बारा आहेत."

"बारा किलोवॅट? आणि सगळे एकाच फेजवर?"

मी गप्प. गृहस्थ इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर निघाले. किल्ली खिशात गेली, चष्मा कपाळावरून नाकावर आला आणि ते डिमरपुढे उकिडवे बसले. सात नंबरचा चॅनल गेली दोन वर्षं मेलेला आहे. त्याचा अर्ज अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतोय. "टेस्टर आहे?" त्यांनी हात पुढे केला. मी दिला. मेन बंद करून त्यांनी झाकण उघडलं, आतली एक जळकी वायर मला दाखवली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला माझं प्रगतिपुस्तक आठवलं.

तेवढ्यात त्यांची मुलगी दारात आली. लाजेने लालबुंद. "बाबा, चला ना! सगळे बघतायत. तुम्ही फक्त सोडायला आला होतात ना?"

"हो हो," ते वर न बघताच म्हणाले. "तू जा, लेव्हल उचल. आणि त्या पोरांना सांग, मी म्हणेपर्यंत कुणी मेन चालू करायचा नाही."